दहा दिवसांत नक्की काय लागू पडलं: ध्यान, मौन की रात्रीचं न जेवणं?

गोदाकाठ (२४ नोव्हेंबर, रात्री ९.५२)

सहा-सात वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ५४, नाशिकला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. चार वर्षांपासून बीपी आहे. सकाळची एक गोळी चालू आहे, तरी वरचा आकडा १४५ च्या खाली यायला तयार नव्हता. घरी सासूबाईंना विस्मरणाचा आजार. शाळा, घर, त्यांचं करणं यात रात्रीच्या जेवणाला साडेनऊ-दहा होतात आणि मग अंथरुणात फोन बघत बघत साडेबारा. दिवाळीच्या सुट्टीत नणंदबाई येऊन राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आईचं मी बघते, तू कुठेतरी जाऊन ये." गेले ती दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक. दिवसाला साधारण दहा-साडेदहा तास बसायचं. बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. फोन, वही, पेन सगळं पहिल्या दिवशीच जमा. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा, एखादं फळ आणि मूठभर चुरमुरे, आणि त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी श्वास बघायचा. चौथ्या दिवशी खरी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवातली संवेदना बघत जायचं आणि काही वाटलं तरी प्रतिक्रिया द्यायची नाही. मग दिवसातून तीनदा एकेक तास हातपाय न हलवता 'अधिष्ठान'. सहाव्या दिवशी दुपारी मी काहीही कारण नसताना पाऊण तास रडले.

घरी आल्यावर बीपी १३२/८४. वजन पावणेतीन किलोनं कमी. रात्री पडल्या पडल्या झोप.

आता घरात तीन मतं आहेत. जाऊबाई म्हणतात, साठलेले संस्कार (शिबिराच्या भाषेत मनात साचलेले जुने राग-लोभ) जळाले. मुलगा म्हणतो, दहा दिवस फोन नव्हता म्हणून. नवरा म्हणतो, दहा दिवस मी नव्हतो म्हणून!

माझी अडचण गणिताची आहे. जेवण, मीठ, झोप, फोन, घरचा ताण, बोलणं आणि ध्यान अशी सात चलं एकाच वेळी बदलली. समीकरण एकच. उत्तर कसं काढणार? सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगून पाठवलंय. रोजचे दोन तास माझ्याकडे फुकटचे नाहीत, म्हणून विचारतेय. मनाचा आणि शरीराचा हा संबंध तुमच्या अनुभवात नक्की कसा आहे?

इरसाल_काका (२४ नोव्हेंबर, रात्री १०.०५)

आमच्याकडे ध्यान लग्नापासूनच आहे, असं आमची ही सांगते. सोफ्यावर बसलेलं असतं. हलके घ्या.

सुकी_भेळ (२४ नोव्हेंबर, रात्री १०.३१)

काका =))

गोदाताई, मी दोनदा केलंय. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी बॅग भरून तयार होते. कारण अध्यात्मिक वगैरे काही नाही. माझ्या मागच्या आसनावरच्या मावशी दर दोन मिनिटांनी ढेकर द्यायच्या. शंभर बायकांच्या शांततेत एक ढेकर किती मोठी वाटते ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. मी श्वास बघायचा सोडून पुढची ढेकर कधी येतेय ते बघत बसायचे. आठव्या दिवशी जाणवलं की ढेकर येतेय आणि माझ्या जबड्यात काही घट्ट होत नाहीये. मावशी तशाच, ढेकरही तशीच. मला दहा दिवसांत मिळालं ते एवढंच, पण ते खरं मिळालं.

घरी मात्र दीड महिना टिकलं.

ऱ्हस्व_दीर्घ (२४ नोव्हेंबर, रात्री ११.१८)

'अध्यात्मिक' नव्हे, 'आध्यात्मिक'.

अवांतर: 'ध्यान' शब्दाचा प्रवास मजेदार आहे. संस्कृतात ध्यान, पालीत झान, चीनमध्ये गेल्यावर चान आणि जपानमध्ये पोचेपर्यंत झेन. एवढं जग फिरून आलेल्या शब्दाचा आपण घरच्या घरी 'काय ध्यान दिसतंय!' करून टाकला.

डॉ_बिनफीचा (२५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०)

गोदाकाठ, आधी एक काम: गोळी स्वतःहून बंद किंवा अर्धी करू नका. शिबिराहून आलेली मंडळी हे हमखास करतात आणि दोन महिन्यांनी आमच्याकडे येतात.

आता प्रश्न. तुमची सात चलं बरोबर आहेत, आणि त्यातली निम्मी एकटीनं बीपी उतरवू शकतात. मीठ कमी झालं, वजन उतरलं, झोप पुरली, यातल्या प्रत्येकाचा बीपीवरचा परिणाम चांगला माहीत आहे. ध्यानाचं काय? २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं त्या वेळेपर्यंतचा अभ्यास एकत्र करून मत दिलं, ते थोडक्यात असं की फायदा होत असावा, तोटा कमी, पण पुरावा भक्कम म्हणावा असा नाही, तेव्हा नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून करायला हरकत नाही. माझंही मत तेच.

यामागची यंत्रणा मात्र गूढ नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हे आत्ता मनगटावर बोट ठेवून बघता येईल. संथ श्वास आणि लांब उच्छ्वास ठेवला की व्हेगस नावाच्या चेताताणूचं, हो ऱ्हस्व_दीर्घ, चेतातंतूचं काम वाढतं आणि शरीर 'पळा किंवा लढा' या पवित्र्यातून बाहेर येतं. त्यासाठी पहाटे चारला उठावंच लागतं असं नाही.

आणि बीपी मोजता कसं? पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, मांडी घालून नाही, पायावर पाय नाही. पट्टा हृदयाच्या उंचीला. चहानंतर अर्धा तास थांबा. मोजताना बोलू नका. मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्या. एका दिवसाच्या आकड्यावरून कुणाचेही संस्कार जळाले असं ठरवू नका.

शंकासुर (२५ नोव्हेंबर, सकाळी ९.४४)

डॉक्टरांशी सहमत. माझं म्हणणं जरा पुढचं आहे. शाळा नाही, स्वयंपाक नाही, आजारी माणूस नाही, वर कुणीतरी आयतं ताट देतंय. हेच दहा दिवस गुहागरला समुद्र बघत काढले असते तरी आकडा हाच आला असता. बायकांना दहा दिवस सुट्टी मिळत नाही, हा खरा आजार आहे. तो सुट्टीनं बरा होतो आणि श्रेय मात्र ध्यानातल्या 'तरंगां'ना जातं.

गोदाकाठ (२५ नोव्हेंबर, दुपारी १.२०)

शंकासुर, आयतं ताट हा मुद्दा मनापासून मान्य. पहिल्या दिवशी समोर दुसऱ्यानं केलेली गरम पोळी आली तेव्हाच निम्मं बीपी उतरलं असणार.

पण सुट्टी म्हणाल तर ती सुट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा असा ठणकत होता की ध्यान म्हणजे गुडघा आणि गुडघा म्हणजे ध्यान. गुहागरला गुडघा दुखला असता तर मी उठून भेळ खायला गेले असते.

पाटवरवंटा (२५ नोव्हेंबर, दुपारी ३.०२)

गीतेच्या सहाव्या अध्यायाचं नावच ध्यानयोग. आणि तिथे आसन कुठे घालावं, दृष्टी कुठे ठेवावी हे सांगून झाल्यावर लगेच काय येतं? जेवण आणि झोप! फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, जागरण करणाऱ्यालाही नाही. पुढचाच श्लोक 'युक्ताहारविहारस्य'. म्हणजे ताई, तुमची सात चलं वेगळी करायची नाहीतच, ती एकाच पथ्यात बांधलेली आहेत.

पतंजलींनी तर योगातले अडथळे मोजताना पहिला क्रमांक 'व्याधी'ला दिलाय. संशय, आळस वगैरे मागाहून. आणि मन विस्कटल्याची लक्षणं म्हणून जी दिली आहेत त्यात अंग थरथरणं आणि श्वास बिघडणं आहे. मन एकीकडे आणि शरीर एकीकडे अशी फाळणी आपल्याकडे नव्हतीच.

शंकासुर (२५ नोव्हेंबर, दुपारी ३.१५)

आलं! 'आपल्याकडे सगळं होतंच.' विमानं राहिली.

पाटवरवंटा (२५ नोव्हेंबर, दुपारी ३.२१)

विमानाचा विषय मी काढला का? मी पथ्याचं बोलतोय. आणि 'तपासून बघा' म्हणत असाल तर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते याचसाठी. नौली-उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं करून आत काय होतं ते बघितलं आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या 'योगमीमांसा'त छापलं. शंका घ्यायचा मक्ता एकट्या तुमच्याकडे नाही.

शंकासुर (२५ नोव्हेंबर, दुपारी ३.४०)

कुवलयानंदांबद्दल आदर आहेच. एक पाऊल मागे.

इरसाल_काका (२५ नोव्हेंबर, दुपारी ३.४१)

शंकासुर मागे सरकले! धाग्याचं नाव बदला, 'चमत्कार' ठेवा.

निळी_पाटी (२५ नोव्हेंबर, रात्री ८.३५)

विपश्यनेवर बोलताय आणि मूळ गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, जन्म १९२४, घरचा मोठा व्यापार. त्यांना भयंकर अर्धशिशी होती, मॉर्फिन घ्यायची पाळी यायची. देशोदेशीचे डॉक्टर करून झाले. १९५५ मध्ये ते तिथले विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि डोकेदुखी जावी म्हणून शिकायचंय म्हणाले. ऊ बा खिन यांनी तिथेच नकार दिला. म्हणाले, ही विद्या डोकेदुखीच्या औषधासाठी नाही, मनाच्या शुद्धीसाठी यायचं असेल तर ये. गोयंकागुरुजी प्रवचनात हे स्वतः सांगायचे. डोकेदुखी नंतर गेली, पण जायला हवी म्हणून बसायचं नव्हतं.

गोदाताई, त्यामुळे 'बीपी कशानं उतरलं' हा प्रश्न तिथे विचारला असता तर तुम्हालाही परत पाठवलं असतं :)

माझं स्वतःचं सांगायचं तर आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी आनापान, म्हणजे श्वास बघायचं ध्यान, असतं. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना आजी हाताला धरून न्यायची. तिला संवेदना, चित्त असलं काही बोलता यायचं नाही. ती म्हणायची, "बस जरा, डोसकं खाली ठिवायला जागा पायजे." वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सातजण. विहारात अर्धा तास कुणी काही मागत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. शंकासुर म्हणतील ही जागेची किमया. असेल. आमच्याकडे जागा तेवढीच होती.

न्यूजर्सीकर (२६ नोव्हेंबर, पहाटे ४.१२)

निळी_पाटी, तुमच्या गोष्टीला इकडची उलटी बाजू. इथे १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला तो मुळात दुखण्यासाठीच. जुनाट कंबरदुखी, पाठदुखीचे, ज्यांना डॉक्टरांनी 'आता याच्यासोबत जगा' सांगितलंय असे लोक. त्यात झोपून अंगावरून लक्ष फिरवायचं जे तंत्र आहे ते बरंचसं तुमच्या ब्रह्मदेशी विपश्यनेतूनच आलेलं. धर्माची साल काढून गर ठेवला, असं समजा.

माझ्या पाठीसाठी मी हा कार्यक्रम आठ आठवडे केला. पाठ दुखायची थांबली नाही. पण दुखणं आणि 'आता हे आयुष्यभर असंच राहणार, नोकरी जाणार, घराचे हप्ते कोण भरणार' ही पुढची माळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसायला लागलं. दुखणं दहापैकी पाच असेल, तर माळेसकट ते नऊ व्हायचं.

आता कंपनीनं सगळ्यांना ध्यानाचं अ‍ॅप दिलंय. तीन दिवस बसलो नाही तर 'आम्हाला तुमची आठवण येते' असा संदेश येतो. त्यानंच ताण येतो.

वाऱ्यावरची (२६ नोव्हेंबर, रात्री ११.४८)

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

सगळ्यांचं चांगलं झालं म्हणून माझंही लिहिते. चार वर्षांपूर्वी अशाच एका निवासी शिबिराला गेले होते. नाव लिहीत नाही. कॉलेजात असताना मला डिप्रेशन येऊन गेलं होतं, वर्षभर औषधं होती. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, मी 'नाही' लिहिलं. लाज वाटली, आणि घेणार नाहीत अशी भीतीही.

पाचव्या दिवसापासून झोप गेली. सलग तीन रात्री. हात माझे आहेत असं वाटेना. समोरच्या भिंतीशी आणि माझ्याशी काही संबंधच नाही अशी एक काच मध्ये आली. शिक्षकांना सांगितलं तर म्हणाले, अनित्य आहे, बघत राहा. ते तरी काय करणार, मी खरं लिहिलंच नव्हतं. पण नवव्या दिवशी भावाला बोलवावं लागलं. नंतर सात महिने उपचार घेतले.

मानसोपचारतज्ज्ञांनी एक वाक्य सांगितलं ते लक्षात आहे: "पाय मोडलेल्यानं डोंगर चढू नये, याचा अर्थ डोंगर वाईट असा नाही." मी आता डोळे मिटून बसत नाही. रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्या मोजत चढते. शंभर आणि काहीतरी झाल्या की मोजदाद चुकते, मग पुन्हा पहिल्यापासून.

डॉ_बिनफीचा (२७ नोव्हेंबर, सकाळी ६.५५)

वाऱ्यावरची, लिहिलंत हे फार बरं केलंत. हे अपवादात्मक म्हणून उडवून लावायचं नाही. २०१७ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी नेमका यावरच अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवी साधकांना आणि शिक्षकांना विचारून ध्यानातले अवघड अनुभव नोंदवले: भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं. तुमची 'काच' त्यातलीच.

वाचणाऱ्यांसाठी: आधी नैराश्य, बायपोलर, सायकोसिस असं काही झालं असेल तर अर्जात खरं लिहा आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब शिबिराला जाऊ नका. पंधरा मिनिटं घरी बसणं आणि दहा तास मौनात बसणं यात औषधाच्या एका गोळीचा आणि अख्ख्या पट्टीचा फरक आहे. रात्रीबेरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

सुकी_भेळ (२७ नोव्हेंबर, सकाळी ८.२०)

वाऱ्यावरची, घट्ट मिठी. मी वर ढेकरांवर विनोद करत होते, हे वाचून गप्प झाले.

वाऱ्यावरची (२७ नोव्हेंबर, सकाळी ८.३३)

अगं नको गप्प होऊस. ढेकरा वाचूनच लिहायचा धीर आला.

कोकणी_मेवा (२७ नोव्हेंबर, दुपारी १२.०६)

माझी गोष्ट उलट दिशेची. दोन वर्षं मी 'मन मरगळलंय' म्हणून साधना वाढवत होतो. थकवा, चिडचिड, वाचलेलं लक्षात न राहणं. मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या, आणि बराच वेळ जायच्या नाहीत. एका सत्संगात विचारलं तर म्हणाले, ऊर्जा खालून वर सरकतेय, शुभलक्षण आहे. मी खूश!

पुढे ऑफिसच्या वार्षिक तपासणीत बी-१२ निघालं ११२, आणि थायरॉइडही मंद. म्हणजे ती वर सरकणारी ऊर्जा जीवनसत्त्वाची कमतरता होती. इंजेक्शनं घेतली, थायरॉइडची गोळी सुरू झाली, तीन महिन्यांत माणसात आलो. वर्षानुवर्षं शुद्ध शाकाहारी, चहावर जगणारा प्राणी, मला आधीच कळायला हवं होतं.

तर मन शरीराला बिघडवतं हे खरंच, पण शरीर बिघडलं की मनावर आळ येतो हेही बघा. चारशे-पाचशे रुपयांच्या तपासणीआधी कुंडलिनीपर्यंत जाऊ नये.

इरसाल_काका (२७ नोव्हेंबर, दुपारी १२.१५)

सहस्रार ते सायनोकोबालामिन (बी-१२ हो). आत्मचरित्राला नाव देऊन टाकलं.

मुक्कामपोस्ट (२७ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

आमच्या आईनं बारा वाऱ्या केल्या, आळंदी ते पंढरपूर. तिला एकदा विचारलं, आई, ध्यान करतेस का कधी? ती म्हणाली, "बसून कुठं वेळ हाय?" अडीचशे किलोमीटर चालायला वेळ आहे, बसायला नाही.

मी एका वर्षी फलटणपासून तिच्याबरोबर चाललो. पहिल्या दिवशी पायाला फोड, दुसऱ्या दिवशी डोक्याला. तिसऱ्या दिवशी कधीतरी पाऊल, टाळ आणि तोंडातलं नाव यांचा मेळ बसला. आपण चालतोय असं वाटायचं थांबलं, नुसतं चालणं होत होतं. मध्येच पुढच्या आजोबांची चप्पल तुटली आणि मी त्यांच्यावर आपटलो, समाधी संपली.

मला वाटतं एकट्यानं डोळे मिटणं सगळ्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. वाऱ्यावरचीच्या पायऱ्या मला आईच्या वारीसारख्याच वाटल्या.

गोदाकाठ (२८ नोव्हेंबर, रात्री १०.१५)

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक व्यावहारिक शंका: घरी जमिनीवर बसले की वीस मिनिटांत उजवा पाय बधिर. खुर्ची चालते का, की ती फसवणूक?

पाटवरवंटा (२८ नोव्हेंबर, रात्री १०.२२)

'स्थिरसुखमासनम्'. स्थिर आणि सुखाचं, एवढीच अट. खुर्ची चालते.

डॉ_बिनफीचा (२८ नोव्हेंबर, रात्री १०.३०)

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं एक नस जाते, ती मांडी घातल्यावर दाबली जाते, म्हणून बधिरपणा. उठल्यावर पाच मिनिटांत गेला तर ठीक, पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं तर मांडी बंद. बैठकीखाली उंच काही घ्या, गुडघे कमरेच्या खाली येऊ देत.

सुकी_भेळ (२८ नोव्हेंबर, रात्री १०.४१)

लाकडी पाट घे, त्यावर घडी केलेली गोधडी. मी ऑनलाइन बावीसशेची 'ध्यान-उशी' घेतली होती, आता मांजर त्यावर ध्यान करतं. रोज सोळा तास.

न्यूजर्सीकर (२९ नोव्हेंबर, पहाटे ५.०३)

बावीसशे? इथे पंचाऐंशी डॉलर. पाट कुणी पाठवेल का?

*(यापुढे अकरा प्रतिसाद पाट सागवानी असावा की आंब्याचा, यावर.)*

गोदाकाठ (४ जानेवारी, रात्री ९.१८)

धागा वर काढतेय. पाटाच्या भांडणात माझा मूळ प्रश्न बुडाला होता, म्हणून उत्तर माझं मीच काढायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी सांगितलं तसं रोज सकाळी एकाच वेळी मोजलं, दोन-दोनदा, वहीत लिहिलं. गोळीला हात लावला नाही. जुन्या वेळापत्रकावर परत आल्यावर आठवड्याची सरासरी १४६/९२ होती, म्हणजे शिबिराची पुण्याई संपली होती.

मग एक आठवडा फक्त जेवण साडेसहाला, रात्री आठनंतर फोन स्वयंपाकघरातल्या कपाटात, दहाला झोप. ध्यान नाही. सरासरी १३६/८६.

दुसऱ्या आठवड्यात जेवण-झोप पुन्हा जुनी, पण सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास बसले, पाटावर. सरासरी १४३/९०.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही. १३४/८५.

शंकासुर, बघा, तुमच्या बाजूनं लागलं. मशीनला विचारलं तर माझं बीपी बहुतेक रात्रीच्या जेवणात आणि फोनमध्ये होतं.

पण वहीत न मावलेलं एक आहे. सासूबाई संध्याकाळी "पेन्शन आलं का गं?" विचारतात. एकदा नाही, मोजलंय, एका संध्याकाळी चौदा वेळा. पहिल्या आठवड्यात, आकडे इतके छान असताना, अकराव्या वेळी मी ओरडले. त्या घाबरून पदर तोंडाशी धरून बसल्या. दुसऱ्या आठवड्यात, बीपी वर असताना, एका संध्याकाळी आधी कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळल्या. मग घशात आवळल्यासारखं. अजून त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं. शिबिरात ज्याला संवेदना म्हणत होते ती हीच, गुडघ्याऐवजी कानात. तेवढ्यात वाक्य पुरं झालं आणि मी म्हटलं, "आलं आई, कपाटात ठेवलंय." त्या "बरं झालं" म्हणाल्या. चार मिनिटांनी पुन्हा विचारलं, ते सोडा.

जेवण साडेसहालाच ठेवतेय. बसणंही ठेवतेय, दोन तास नाही, सकाळी अर्धा.

डॉ_बिनफीचा (४ जानेवारी, रात्री ९.४०)

एक आठवडा फार थोडा, नमुना एकाच माणसाचा, आणि आधीच्या आठवड्याचा परिणाम पुढच्यात सांडतो. एवढं सोडून माझ्या निम्म्या रुग्णांपेक्षा चांगली वही आहे. ती घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, गोळीचं ते ठरवतील.

शंकासुर (४ जानेवारी, रात्री ९.५५)

ध्यानाच्या आठवड्यात आपण शांत राहू अशी तुमची अपेक्षाच असणार, त्यामुळे कानाचा पुरावा मी ग्राह्य धरत नाही.

पण माझ्याही वडिलांना तोच आजार होता. पाट कितीला पडला?

गोदाकाठ (४ जानेवारी, रात्री १०.०२)

फुकट. सासूबाईंच्या रुखवतातला आहे, सागवानी. (वरच्या अकरा प्रतिसादांनी आता नवा वाद काढू नये.)

तोटाही लिहिते, नाहीतर डॉक्टर म्हणतील आकडे लपवले. दुसऱ्या आठवड्यात ध्यानाला बसताना दोनदा गॅसवर दूध विसरले. एकदा पातेलं पार काळं.

इरसाल_काका (४ जानेवारी, रात्री १०.०४)

आणि पातेलं घासलं कुणी?

गोदाकाठ (४ जानेवारी, रात्री १०.०६)

आमच्याही सोफ्यावर एक ध्यान आहे, काका.